तिसरीत दोघी

आमच्या शाळेत तिसरीला एकच मुलगी होती. जूनमध्ये तिघी होत्या. एकीच्या दारात पिवळी बस यायला लागली आणि ती इंग्रजी शाळेत गेली. दुसरीचे आईबाप वीटभट्टीच्या कामाला गेले, तेव्हा तीही गेली. उरली ती ही. तिचं नाव लिहीत नाही, कारण मोठी झाल्यावर हे वाचून ती मला जाब विचारायला येईल. जाब विचारण्यात ती पटाईत आहे. तिला पटाईत मीच केलं, तेच सांगायला बसले आहे.

शाळा सरकारी, वस्तीवरची. मी राहते परभणीत. सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरायचं, स्टेशनाजवळ ओळखीच्या अंगणात ठेवलेली स्कूटी काढायची आणि शेतातल्या रस्त्यानं वस्ती गाठायची. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप आणि पहिली ते चौथी. शिक्षक दोन, म्हणजे कागदावर दोन. दुसरे सर चार दिवसांसाठी म्हणून तालुक्याच्या ऑफिसात कामगिरीवर गेले, त्यांचे ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. त्यांचा चहाचा कप कपाटात आहे. मी तो मधूनमधून धुऊन ठेवते. का धुते, ते मला विचारू नका.

घरी तरी कोण आहे? नवरा कोकणात नोकरीला. नवराबायकोला एका जिल्ह्यात आणायचा सरकारी नियम आहे, पण आमच्यापर्यंत यायला त्याला अजून गाडी मिळालेली नाही. मुलगा पुण्याला शिकतो आणि फोनवर "हं, हं, जेवलो" एवढं बोलतो. त्यामुळे दिवसभर घसा बसेपर्यंत बोलूनही मी कुणाशी बोललेली नसते. वर्गात आपण सांगत असतो. सांगणं वेगळं आणि बोलणं वेगळं. रविवारी भाजीवाल्याला "पाव किलो द्या" म्हणताना माझाच आवाज मला परका वाटायचा, आणि मग मी उगाच भाव करत उभी राहायचे.

शाळेत मोठं माणूस म्हणाल तर एकच. खिचडी शिजवणाऱ्या ताई. त्या या तिसरीतल्या मुलीची आई. त्या चुलीपाशी, मी फळ्यापाशी, आणि मध्ये पोरांचा कालवा. दिवसात आमच्या दोघींच्या वाट्याला "मीठ बेताचं टाका" आणि "तांदूळ सरत आलाय" एवढीच वाक्यं यायची.

तर त्या वर्षी आम्हाला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय अध्ययन निष्पत्ती. हा शब्द ऐकून बाहेरच्या माणसाला झोप येते हे मला माहीत आहे, म्हणून सोपं करून सांगते. कोणत्या इयत्तेच्या मुलाला भाषेत काय काय यायला पाहिजे, याची राज्यानं एक यादी केलेली असते. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता येणं, आजूबाजूच्या पाट्या वाचता येणं, असं बरंच. शिक्षकानं आपला प्रत्येक पाठ त्या यादीशी जुळवून घ्यायचा. आज जे शिकवलं ते यादीतल्या कशासाठी, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

मला ही यादी आवडते, हे आधीच कबूल करते. बरोबरचे लोक तिला शिव्या घालतात. पण एकट्या माणसाला कुणीतरी काहीतरी मागतंय, याचा आधार असतो. पाट्या वाचता आल्या पाहिजेत, असं यादीत होतं. आमच्या वस्तीवर पाटी म्हणून एकच, रेल्वे फाटकाची. मग मी घरोघरून बियाण्याच्या आणि खताच्या रिकाम्या पिशव्या मागवल्या, त्या व्हरांड्यात दोरीला टांगल्या आणि दुसरीची पोरं त्यावरून वाचायला शिकली. "पेरणीपूर्वी सूचना वाचा" हे वाक्य आमच्या शाळेत बाराखडीइतकं पाठ होतं.

घोडं अडलं ते तिसरीला. तिसरीच्या मुलानं वाचलेल्या मजकुरावर वर्गातल्या मुलांशी चर्चा करावी, आपलं मत कारण देऊन सांगावं, दुसऱ्याचं म्हणणं ऐकून त्यावर प्रश्न विचारावेत. मी प्रशिक्षणात हात वर केला. म्हटलं, "सर, वर्गात एकच मूल असेल तर?"

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मग तर तुमचा निकाल शंभर टक्के!" पुढचे सर चांगले होते, पण त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी अजून बरंच उरकायचं होतं. "काहीतरी मार्ग काढा मॅडम, तुम्ही अनुभवी आहात," ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याला लागले. मला इतका राग आला की जेवणात गुलाबजाम होता तोही मी घेतला नाही. त्याचा पश्चात्ताप मला गाडीत बसल्यावर झाला.

राग यादीचा नव्हता. राग आला कारण मी एक खरा प्रश्न विचारला होता. मैत्रिणी गेल्यापासून ती मुलगी बोलायचीच बंद झाली होती. वाचायची झरझर. लिहायची. विचारलं की मोजकं उत्तर द्यायची आणि परत खिडकीबाहेर बघायची. तिघींची ती बसायची लांब पट्टी मी गुंडाळायला गेले तर म्हणाली, "राहू द्या म्याडम." त्या लांब पट्टीच्या एका टोकाला ती बसायची. अगदी टोकाला, जशी तिघी असताना बसायची तशी.

आधी मी तिला दुसरीत बसवून पाहिलं. दुसरीची पोरं तिला ताई म्हणतात. ती म्हणेल त्याला माना डोलावतात. मग चौथीत बसवलं. चौथीत तेव्हा सगळे मुलगेच, आणि ते हिचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. दोन दिवसांत ती आपली आपण उठून पट्टीच्या टोकाला जाऊन बसली.

त्याच आठवड्यात ताई पातेलं घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्याडम, पोरगी घरीबी बोलंना झालीय. पेडगावला माझा भाऊ हाय. तिथली शाळा मोठी हाय, तिच्या वर्गात लय पोरी हायत म्हनं. तिकडं ठिवावं का?" मग हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनाल तसं करू."

 ती गेली की तिसरी रिकामी, हा एक हिशोब झाला, पण तो ऑफिसचा. माझा हिशोब वेगळा होता. सकाळी स्कूटीचा आवाज ऐकून शाळेच्या फाटकापर्यंत येणारी ती एकटीच होती. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत बघू की, ताई. मी काहीतरी करते."

दुसऱ्या दिवशी खिचडी झाल्यावर पहिली-दुसरीला चित्रं काढायला दिली, चौथीला गणितं घातली आणि मी चपला काढून त्या पट्टीवर जाऊन बसले. तिच्या शेजारी. "आजपासून मीपण तिसरीत," म्हटलं.

 तिनं माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "मंग म्याडम कुठं हायत?"

"तूच सांग."

तिनं विचार केला. मुलांचं असं असतं, खेळ सुरू करायला त्यांना जागा नीट आखून लागते. "म्याडम आज रजेवर हायत," ती म्हणाली. आणि झालं. रोज मराठीच्या तासाला आमच्या मॅडम रजेवर जायला लागल्या.

अडचण आली ती वेगळीच. वर्गमैत्रिणीला अहोजाहो कसं करणार? आणि मॅडमला अगंतुगं कसं करणार? आमच्याकडे पोरं आईला, आजीला बिनधास्त अगंतुगं करतील, पण शाळेतल्या बाईला तू म्हणणं म्हणजे जीभ झडण्याचं काम. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "म्याडम, तू सांग नं गं," आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चौथीची पोरं गणित सोडून फिदीफिदी हसली. मी त्यांच्याकडे डोळे वटारले, मग लक्षात आलं की मॅडम तर रजेवर आहेत. मी पटकन मान खाली घातली आणि तिच्यासारखीच हसू दाबत बसले. त्या दिवसापासून ती मला "अगं" म्हणायला लागली. नुसतं अगं.

आणि ती बोलायला लागली. बांध फुटल्यासारखी. धड्यातल्या राजानं असं कामून केलं, त्याला अक्कल न्हाई का. धडा लिहिणाऱ्याला पाऊस कसा पडतो ते माहीत हाय का. मी एखादं मत दिलं की, "कशावरून म्हनायलीस?" हा तिचा ठरलेला प्रश्न. राज्याच्या यादीत जे जे मागितलं होतं ते सगळं ती भरभरून करत होती. मग तिला मॅडमविषयी बोलायची लहर यायची. "आपल्या म्याडम लय चिडतेत, न्हाई?" मी म्हणायचे, "हो ना गं." "पन मारीत न्हाईत." "ते आहे." "त्यांला घरी कुनी न्हाई म्हनून त्या उशिरापर्यंत शाळेत बसतेत. माझी माय म्हनली." वर्गमैत्रीण म्हणून मी म्हटलं, "असेल," आणि पान उलटलं.

खरं सांगते, त्या तासाची मी पहाटेपासून वाट बघायचे. गाडीत बसल्या बसल्या ठरवायचे की आज मी तिच्याविरुद्ध बोलायचं. चाळिशी उलटून गेलेली बाई मी, आणि तिसरीतल्या पोरीला काय उत्तर द्यायचं याची तयारी करत होते. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी "कशावरून?" असं विचारत होतं.

एकदा शाळा तपासणारे, आमच्या केंद्रातले साहेब अचानक आले. मी दाराकडे पाठ करून पट्टीवर मांडी घालून बसलेली. त्यांना वाटलं कुणीतरी पालक बाई आहे. त्यांनी दारातूनच विचारलं, "मॅडम कुठं आहेत?"

पोरगी खेळात पुरती रंगलेली. मान वर न करता म्हणाली, "म्याडम रजेवर हायत."

"रजेवर? आणि रजेचा अर्ज?" साहेबांचा आवाज चढला. मी उठायला गेले तर मांडी घालून पाय आखडलेले, भिंतीला धरून कशीबशी उभी राहिले. "मी आहे सर. आहे. रजेवर नाही." चुलीपाशी ताई पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

मग मी सगळं समजावून सांगितलं. एकच मूल, चर्चा, मत, कारण. साहेबांनी ऐकून घेतलं. बाहेर गाडी चालू होती. "चांगलं आहे. फोटो टाका ग्रुपवर," म्हणाले. मी कामगिरीवरच्या सरांचा तो कप काढला, चहा ठेवते म्हटलं. त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी कप हातात घेऊन व्हरांड्यात उभी होते. फोटो मी टाकला. त्यावर अंगठे आले.

दिवाळी जवळ आली. ताईंनी परत काही विचारलं नव्हतं. पोरगी बोलायला लागली होती, घरीही बोलत होती, मला वाटलं आपण जिंकलो. सापडलेला मार्ग सांगायला मी पुढच्या बैठकीत हात वर करणार होते.

आणि तो शेरडाच्या पिलाचा धडा आला. धडा साधा. एक पिलू कळपातून चुकतं, पलीकडच्या शिवारात दुसऱ्याच कळपात जाऊन मिसळतं, तिथं रमतं. मालकीण हुडकत येते आणि त्याला उचलून घरी आणते. खाली प्रश्न होता, मालकिणीनं पिलाला परत आणलं हे तुम्हाला बरोबर वाटतं का? का?

"मला न्हाई वाटत," ती म्हणाली.

"मला वाटतं," मी म्हटलं. "तिचं होतं ते. तिनं जीव लावला होता."

"पन तिच्याकडं दुसरं शेरडूच नव्हतं की गं. येकटंच व्हतं ते."

"ती होती ना. ती त्याला पाला घालायची. त्याच्याशी बोलायची."

"बोलायची," ती म्हणाली. "पन ती मानूस हाय. त्याला शेरडं पायजेत."

मी हरायला तयार नव्हते. म्हटलं, तिकडच्या कळपात त्याला कुणी मारलं तर? पाणी नीट मिळालं नाही तर? त्याला घरची आठवण आली तर? आणि मालकीण, तिनं काय करायचं? तिनं रिकाम्या गोठ्याकडे बघत बसायचं? माझा आवाज वर्गमैत्रिणीचा राहिला नव्हता. चौथीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. ती मात्र शांतपणे ऐकत होती. समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

"तिनं दुसरं शेरडू घ्यावं," ती म्हणाली. मग जरा वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. "अगं, तू रडायलीस का?"

मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. ती उठली, आईच्या चुलीपाशी गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ते पाणी मी पट्टीवर बसूनच प्यायले.

शाळा सुटल्यावर मी ताईंना थांबवलं. म्हटलं, "ताई, तिला पेडगावला ठेवा. दिवाळीनंतर लगेच." त्यांनी हातातलं पातेलं परत खाली ठेवलं. त्यांनी विचारलं होतं खरं, पण त्यांनाही माझा नकारच हवा होता, हे मला तेव्हा दिसलं. लेक डोळ्यांसमोर वाढत होती त्यांची. "आता तर बोलायलीय की म्याडम," त्या म्हणाल्या.

"माझ्याशी बोलतीय," मी म्हटलं. "तिच्या वयाचं कुणीतरी पाहिजे तिला."

दाखला मी स्वतः लिहिला. ती आईबरोबर घ्यायला आली तेव्हा नवा फ्रॉक घालून आली होती आणि पूर्ण वेळ मला अहोजाहो करत होती. जाताना पाया पडली. मला वाटलं होतं, एकदा तरी अगं म्हणेल. नाही म्हणाली.

नंतरचे महिने कसे गेले ते लिहीत नाही. ताई रोज खिचडी शिजवायच्या आणि आम्ही दोघी एकमेकींशी जरा जास्त बोलायला लागलो होतो, पण बोलणं बहुतेक तिच्याविषयीच असायचं. तिसरीची पट्टी मी गुंडाळून ठेवली. मग दुसऱ्या दिवशी परत अंथरली. दुपारी त्या तासाला चौथीला शिकवताना माझी नजर उगाच खिडकीबाहेर जायची.

फेब्रुवारीत मी एक किरकोळ रजा टाकली. शेजारच्या शाळेतल्या मॅडमना आमची पोरं सांभाळायला सांगितलं आणि पेडगावला गेले. कारण काय लिहिलं? घरगुती काम. त्या दिवशी मॅडम खरोखरच रजेवर होत्या.

मधल्या सुट्टीच्या वेळेला पोचले. पटांगण मोठं. कडुनिंबाखाली पोरींचा घोळका ताटल्या घेऊन बसलेला आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. कोण ऐकतंय काही पत्ता नाही. ती मध्ये होती. टोकाला नव्हती, मध्ये होती. हात हलवून हलवून काहीतरी पटवून देत होती. दुसरी एक तिच्यावर ओरडत होती, आणि ही तिला म्हणत होती, "कशावरून म्हनायलीस?" मी फाटकाशी थांबले. मनातून मला फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं.

परत फिरणार एवढ्यात तिनं मला पाहिलं. ताटली ठेवून धावत आली. चार-पाच पोरी तिच्या मागे. जवळ आल्यावर ती थांबली आणि काय म्हणावं तिला कळेना. मॅडम म्हणावं तर या शाळेत तिच्या मॅडम वेगळ्या. मी नुसती तिची वेणी बघत होते, ती आता मामीच्या हातची होती.

एका पोरीनं तिला ढोसलं. "कोन हाय गं ही? तुजी आत्या हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ही माझ्या वर्गात व्हती."

पोरी हसल्या. पण ती हसली नाही, तेव्हा त्याही हळूहळू गप्प झाल्या. मुलांना खेळ आणि खरं यातलं अंतर लगेच कळतं. त्या पोरीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, साडी, चष्मा, पर्स, आणि मग सरळ मनानं तिला विचारलं, "मंग आता कोन्त्या शाळेत हाय ती?"

"तिथंच हाय," ती म्हणाली. "तिसरीतच. येकटीच हाय."

घंटा झाली. पोरी वळून पळाल्या. तीही दोन पावलं पळाली, मग परत आली, आपल्या खरकट्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, तूबी येतीस का इकडं?"